रानपिंगळ्याची खोटी चिठ्ठी

संग्रहालयात जपून ठेवलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कुठे मिळाला, कोणत्या तारखेला मिळाला, कोणी मिळवला, एवढाच तिच्यावरचा मजकूर. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षिसंग्रह ट्रिंग या गावी आहे. तिथे दाखल झालेल्या एका लहानशा घुबडाच्या चिठ्ठीवर ठिकाण होतं तापीकाठचं मांडवी, तारीख होती ५ ऑक्टोबर १९१४ आणि संग्राहक म्हणून नाव होतं कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचं. ठिकाण खोटं, तारीख खोटी आणि संग्राहकही खोटा. घुबड मात्र खरं होतं. ते मूळचं आपल्या खानदेशातलं.

त्या घुबडाचं नाव रानपिंगळा. गावाबाहेरच्या वडाच्या ढोलीत किंवा जुन्या वाड्याच्या भिंतीत राहणारा आणि तिन्हीसांजेला कलकलाट करणारा साधा पिंगळा आपल्याला माहीत असतो. रानपिंगळा त्याचा भाऊबंद. उंचीनं जेमतेम वीतभर, पण अंगानं जास्त भरलेला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. पोट स्वच्छ पांढरं, शेपटीवर आणि पंखांवर रुंद पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. जाणकाराला दोघांतला फरक सांगावा लागत नाही. पण जाणकार व्हायला पक्षी समोर यावा लागतो, आणि ११३ वर्षं तो कोणाच्या समोर आला नाही, असं पुस्तकं सांगत होती.

त्याची पहिली नोंद १८७२ सालची. आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांना हा पक्षी मिळाला. त्यांनी तो ॲलन ऑक्टाव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवला. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत असलेले ह्यूम ते हेच. भारतीय पक्ष्यांच्या अभ्यासात त्या काळी त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्ष्यांना वाहिलेलं नियतकालिक ते स्वतः चालवत. १८७३ मध्ये त्यांनी या घुबडाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि ब्लेविट यांचं नाव त्याला कायमचं जोडून दिलं. पुढे १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना ओडिशातल्या खरियारजवळ दुसरा पक्षी मिळाला. बाकीचे सगळे मिळाले ते पश्चिम खानदेशात, शहाद्याच्या आसपास. तिथे सनदी अधिकारी असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत ते गोळा केले. डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादीही ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापली. कचेरीतलं काम सांभाळून त्यांनी केलेल्या या नोंदी किती चोख होत्या, हे कळायला पुढे शंभरावर वर्षं जावी लागली.

१८८४ नंतर काहीच नाही. त्याच सुमारास सिमल्याच्या घरातून ह्यूम यांची पक्ष्यांवरची हस्तलिखितं चोरीला गेली आणि बाजारात रद्दी म्हणून विकली गेली. त्या धक्क्यानं त्यांनी पक्ष्यांचा नाद सोडला आणि आपला अफाट संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. रानपिंगळ्याचे जेमतेम सात नमुने जगातल्या संग्रहालयांच्या खणांत राहिले. जिवंत पक्ष्याचा फोटो नाही, आवाजाची नोंद नाही, घरटं कसं असतं ते ठाऊक नाही. विसाव्या शतकात भारतातल्या पक्ष्यांवर उत्तमोत्तम ग्रंथ झाले. त्यांतून या पक्ष्याला जागा मिळाली ती दोन-चार ओळींची. सलीम अली आणि अमेरिकेतले त्यांचे सहकारी सिडनी डिलन रिप्ली यांनी १९७० च्या दशकात त्याचा माग काढायचा प्रयत्न केला. हाती काही लागलं नाही. तो संपला असावा, असंच मग मानलं जाऊ लागलं.

शोधणाऱ्यांची दिशा कुठे चुकली? इथे त्या चिठ्ठीकडे यावं लागतं.

माइनर्ट्झहागेन हे त्यांच्या काळातलं बडं प्रस्थ. ब्रिटिश लष्करातले अधिकारी, गुप्तहेरगिरीच्या कथांचे नायक, पक्षिशास्त्रातले दादा. १९५४ मध्ये त्यांनी सुमारे वीस हजार पक्ष्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला, त्याबद्दल त्यांचा गौरवही झाला. १९३७ मध्ये सलीम अली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. अशा माणसानं १९१४ साली मांडवीजवळ रानपिंगळा मिळाल्याचं लिहिलं, तर त्यावर शंका कोण घेणार? तीस वर्षं दडून बसलेला पक्षी तापीच्या खोऱ्यात दिसला, म्हणजे शोध तिथेच घ्यायचा. सर्वांत अलीकडची नोंद ती सर्वांत उपयोगाची, हा साधा हिशोब होता. सुरत जिल्ह्यातलं मांडवी नकाशावर ठळक झालं आणि शहादा मागे पडलं.

खरं तर संग्रहालयातल्या लोकांना या गृहस्थांबद्दल कुजबुज ठाऊक होती. १९१९ मध्ये पक्षिकक्षातले नमुने परवानगीशिवाय नेल्याच्या कारणावरून काही काळ त्यांना तिथे बंदीही घातली गेली होती. पण प्रतिष्ठा आणि मोठी देणगी यांच्यापुढे कुजबुज टिकत नाही. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातले काही पक्षी चोरीचे आणि चिठ्ठ्या बदललेले असल्याचं ‘आयबिस’ या नियतकालिकात पुराव्यानिशी मांडलं. तेव्हा माइनर्ट्झहागेन यांना जाऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता.

याच सुमारास अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत पामेला रासमुसेन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या एका मोठ्या ग्रंथावर काम करत होत्या. काम मूळचं रिप्ली यांचं. त्यांच्या आजारपणामुळे ते रासमुसेन यांच्याकडे आलं होतं. ग्रंथ करायचा तर प्रत्येक पक्ष्याचे जुने नमुने हाताळून पाहायचे, हा त्यांचा शिरस्ता. एकामागून एक नमुने पाहताना माइनर्ट्झहागेन यांच्या नावावरचे पक्षी त्यांना खटकू लागले. नायजेल कॉलर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी रानपिंगळ्याचा तो नमुना बारकाईनं तपासायला घेतला.

मृत पक्ष्याचं कातडं सोलणं, आत कापूस भरणं, ते शिवणं, पंख बांधणं, ही सगळी हातची कामं. प्रत्येक संग्राहकाची त्यातली लकब वेगळी. टाका कुठे घालायचा, कापूस किती आणि कसा भरायचा, हाडं किती ठेवायची, यावरून हात ओळखता येतो. क्ष-किरणांखाली पाहिल्यावर मांडवीच्या या पक्ष्यात दोन हात दिसले. वरवर नवी शिवण, आत जुन्या कामाच्या खुणा. जुन्या खुणा जुळल्या त्या जेम्स डेव्हिडसन यांच्या हाताशी. शहाद्याजवळ डेव्हिडसन यांनी मिळवलेला, ब्रिटिश म्युझियमच्या मालकीचा पक्षी चोरला गेला होता, उसवला गेला होता, नव्यानं भरून शिवला गेला होता आणि नव्या चिठ्ठीसह परत त्याच म्युझियमला दान केला गेला होता. हा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘आयबिस’मध्ये प्रसिद्ध झाला.

मला या प्रकरणातली चोरी तितकीशी अस्वस्थ करत नाही. संग्रहालयाचा एक नमुना गेला, परत आला, हिशोब मिटला. अस्वस्थ करतो तो चिठ्ठीवरचा खोटा मजकूर. चोरीनं एक मेलेला पक्षी हलवला. खोट्या मजकुरानं जिवंत पक्ष्यांचं घरच नकाशावरून हलवलं. ज्या जंगलात ते होते तिथे कोणी पाहायला गेलं नाही, म्हणून त्या जंगलासाठी कोणी बोललंही नाही.

मांडवीची नोंद खोडल्यावर, निबंध छापून येण्याच्या आधीच, कोडं एकदम सोपं झालं. उरली तीन ठिकाणं: फुलझर, खरियार आणि शहादा. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. आधी पूर्वेकडची दोन्ही ठिकाणं धुंडाळली. जुन्या नोंदींच्या काळातलं जंगल तिथे फारसं उरलेलं नव्हतं, पक्षीही मिळाला नाही. मग ते पश्चिमेला, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ आले. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता, शहादा धुळे जिल्ह्यात होतं. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, चांगलं ऊन पडलेलं असताना, एका निष्पर्ण झाडावर एक घुबड उघड्यावर बसलेलं बेन किंग यांना दिसलं. डोक्यावर ठिपके नाहीत. पोट पांढरं. पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. तिघांनी त्याचे फोटो घेतले, चित्रीकरण केलं. ११३ वर्षांनी रानपिंगळ्याची नोंद झाली, आणि डेव्हिडसन यांनी जिथे लिहून ठेवली होती तिथेच झाली.

०००

शोधाची बातमी जगभर गेली. ती वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. रानपिंगळा रात्रीच्या अंधारात दाट अरण्यात लपून राहणारा पक्षी नाही. तो दिवसा वावरतो. विरळ, कोरड्या, पानगळीच्या जंगलात, सागाच्या किंवा सालईच्या बोडक्या फांदीवर उन्हात बसतो, शेपूट डावी-उजवीकडे झटकतो आणि खालच्या गवतातल्या सरड्यावर, सापसुरळीवर, उंदरावर झेप घेतो. त्या जंगलात सरपणाला, डिंकाला, मोहाला जाणाऱ्या भिल्ल आणि पावरा बायामाणसांच्या डोक्यावर तो रोज बसलेला असणार. शंभर वर्षं तो शास्त्राला दिसला नाही, तिथल्या माणसांना दिसत होता. त्यांना मात्र कोणी विचारलं नाही.

आंध्र प्रदेशात हेच घडलं होतं, पण तिथे विचारणारे होते. जेर्डनचा धाविक हा काटेरी झुडपांच्या माळावर रात्री धावत फिरणारा पक्षी. तो १९०० नंतर दिसेनासा झाला होता. १९८६ च्या जानेवारीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण यांना तो कडप्पा जिल्ह्यात सापडला, तो पक्षी पकडणाऱ्या स्थानिक माणसांच्या मदतीनं. त्याच्यासाठी अभयारण्य झालं. तेलुगु गंगा कालव्याचा मार्गही त्याच्यासाठी बदलावा लागला. तरीही २००९ नंतर दशकाहून अधिक काळ त्याची खात्रीची नोंद मिळाली नाही. सापडलेला पक्षी पुन्हा हरवू शकतो.

पापुआ न्यू गिनीच्या फर्ग्युसन बेटावरचा काळ्या मानेचा फेझंट-पिजन नावाचा कबूतर-वर्गीय पक्षी १८८२ नंतर शास्त्रज्ञांनी पाहिला नव्हता. २०२२ मध्ये तो कॅमेऱ्यात टिपला गेला. कॅमेरे कुठे लावायचे हे ठरलं ते तिथल्या शिकाऱ्यांच्या सांगण्यावरून. दोन देश, तीन पक्षी, पण माहिती प्रत्येक वेळी त्याच प्रकारच्या माणसांकडे होती.

शहाद्याच्या शोधानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं काम हाती घेतलं. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ आणि तळोद्याच्या जंगलांत रानपिंगळ्यांचा माग काढला. त्याचं घरटं, त्याचा आहार, नर-मादीची कामं यांची पहिली तपशीलवार माहिती त्यांच्या कामातून आली. मादी ढोलीत अंडी उबवते तेव्हा नर तिला खाणं आणून देतो. एका घरट्यात नरानं स्वतःचीच पिल्लं खाल्ल्याचीही नोंद त्यांनी केली. निसर्गातलं जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिणं म्हणजे काय, याचं हे उदाहरण. पुढे गिरीश जठार यांनीही तोरणमाळच्या राखीव जंगलात त्याचा अभ्यास केला.

रासमुसेन आणि इश्तियाक यांनी त्याच्या आवाजांवर जो निबंध लिहिला, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. तोपर्यंत रानपिंगळ्याचा आवाज कसा असतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. ध्वनिमुद्रण हाती आल्यावर जंगलात ते वाजवायचं आणि उत्तर येतं का ते ऐकायचं, अशी पाहणी शक्य झाली. मग नोंदी भराभर आल्या. पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कन्झर्व्हेशन सोसायटीच्या प्राची मेहता, जयंत कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात खंडवा, बऱ्हाणपूर, बैतूल या भागांत तो शोधला. मेळघाटात तो चांगल्या संख्येनं असल्याचं दिसून आलं. आज त्याचं सर्वांत भक्कम ठाणं मेळघाटच आहे. यावलच्या जंगलात तो आहे. गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यात तो मिळाला.

आणि २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात दिसला. तानसा म्हणजे मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाभोवतीचं जंगल, शहरापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर. सातपुड्यातला समजला जाणारा पक्षी सह्याद्रीच्या कुशीत निघाला. मुंबईच्या नळाला येणारं पाणी ज्या रानातून येतं, त्या रानात तो राहत होता आणि मुंबईला ते माहीत नव्हतं.

०००

सेबू हे फिलिपिन्समधलं बेट. तिथलं जंगल जवळजवळ पूर्ण तुटलेलं. तिथला सेबू फ्लॉवरपेकर हा बोटाएवढा रंगीत पक्षी १९०६ नंतर संपला असं धरून चाललं. संपलाच आहे तर त्याच्या जंगलासाठी झगडायचं कशाला? उरलेलं जंगलही मग दुर्लक्षात गेलं. १९९२ मध्ये तो पक्षी ताबुनानच्या छोट्याशा जंगलाच्या तुकड्यात जिवंत सापडला. नायजेल कॉलर यांनी १९९८ मध्ये या प्रकाराला ‘रोमिओची चूक’ असं नाव दिलं. ज्युलिएट मेली असं समजून रोमिओ जीव देतो, आणि ती तर झोपलेली असते. एखाद्या प्राण्याला घाईनं नामशेष म्हटलं की त्याला वाचवायचे प्रयत्न थांबतात आणि मग तो खरोखर संपतो. रानपिंगळ्याच्या खोट्या चिठ्ठीचा छडा लावणारे कॉलर ते हेच. एकाच अभ्यासकानं एकीकडे खोट्या नोंदीचा धोका दाखवला आणि दुसरीकडे घाईनं मारलेल्या ‘नामशेष’ या शेऱ्याचा.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना, जिची लाल यादी आपण नेहमी वाचतो, एखाद्या प्राण्याला नामशेष म्हणायला फार वेळ घेते. शेवटचा जीव मेल्याबद्दल वाजवी शंका उरू नये, अशी तिची अट आहे. या सावधपणाला लोक दिरंगाई म्हणतात. मला तो योग्य वाटतो. खरी दिरंगाई दुसरीकडे होते, आणि ती ख्रिसमस बेटावर झाली.

हिंदी महासागरातलं हे ऑस्ट्रेलियाचं बेट. तिथे फक्त तिथेच आढळणारं, वजनाला तीन-चार ग्रॅम भरेल एवढं वटवाघूळ होतं. त्याची संख्या घसरते आहे हे अभ्यासकांनी वर्षानुवर्षं सांगितलं. थोडी वटवाघळं पकडून बंदिवासात वाढवावीत, ही मागणी होती. परवानगी मिळाली २००९ च्या मध्यावर. पथक पोहोचलं तेव्हा यंत्रावर एकाच वटवाघळाचा आवाज येत होता. ते पकडता आलं नाही. २६ ऑगस्ट २००९ च्या रात्रीनंतर तो आवाजही आला नाही. २०१७ मध्ये त्याला नामशेष घोषित केलं गेलं. इथे माहितीची उणीव नव्हती. माहिती वेळेवर होती, निर्णय वेळेवर नव्हता.

बारीक चोचीच्या कुरल्याचं उदाहरण याहून कठीण. सायबेरियाकडून भूमध्य समुद्राच्या परिसरात हिवाळ्याला येणारा हा लांब चोचीचा पाणपक्षी. त्याचा शेवटचा निर्विवाद फोटो १९९५ च्या फेब्रुवारीत मोरोक्कोच्या किनाऱ्यावर घेतला गेला. तो कुठे प्रजनन करतो, हेच नीट कळलं नव्हतं. घर ठाऊक नाही तर घर वाचवायचं कसं? २०२५ मध्ये तो नामशेष प्राण्यांच्या यादीत गेला.

०००

आपल्याकडे नव्या प्रजातींच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. सह्याद्रीतून पाली, बेडूक, मासे, खेकडे, कोळी यांच्या नव्या नोंदी होत आहेत. अशा बातम्या वाचून अभिमान वाटतो. पण नव्यानं सापडलेला जीव म्हणजे अनेकदा एका डोंगराच्या माथ्यापुरता, एका ओढ्यापुरता उरलेला जीव. आंबोलीचा वाघासारखे पट्टे असलेला भेक २००९ मध्ये शास्त्राला माहीत झाला आणि लाल यादीत थेट अतिसंकटग्रस्त म्हणून दाखल झाला. पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगा लागणाऱ्या एका घाटमाथ्यावरच तो आहे. त्याच आंबोलीत, हिरण्यकेशीच्या उगमाशी, २०२० मध्ये माशाची नवी जात नोंदली गेली, ‘स्किस्टुरा हिरण्यकेशी’. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं त्या परिसराला जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केलं. नोंद झाली आणि लगेच संरक्षण मिळालं, असं आपल्याकडे क्वचित घडतं. रानपिंगळ्याच्या वाट्याला हे आलं नाही.

तळोद्याचं जंगल घ्या. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात अक्राणीच्या भागातली आदिवासी गावं बुडाली. त्यांच्या पुनर्वसनासाठी १९९० च्या दशकात तळोद्याची हजारो हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. रानपिंगळा शेजारच्या शहाद्यातून पुन्हा उजेडात आला त्याच दशकात त्याच्या घरातला मोठा तुकडा शेत आणि वसाहत झाला. याचा दोष विस्थापितांवर टाकणं अन्यायाचं आहे. त्यांची स्वतःची गावं, स्वतःची जंगलं आधीच पाण्याखाली घेतली गेली होती. धरणाचा निर्णय त्यांचा नव्हता, जमिनीची निवडही त्यांची नव्हती. एका जंगलाला बुडवायचं आणि भरपाई म्हणून दुसरं तोडायचं, हा हिशोब मांडणाऱ्यांनी त्या जंगलात कोण राहतं याची पाहणी केली नाही. शहाद्याच्या भागात जमिनीच्या हक्कासाठी १९७० च्या दशकापासून आदिवासींचे लढे झाले आहेत, आणि त्यांचे हक्क खरे आहेत. पक्षी विरुद्ध माणूस असा हा खटलाच नाही. दोघांनाही न विचारता घेतलेल्या निर्णयांचा तो आहे.

रानपिंगळ्याला लागतं तरी काय? ढोल्या असलेली जुनी झाडं, मधे मोकळी जागा, गवत आणि गवतात उंदीर-सरडे. शेताच्या कडेचं विरळ जंगलही त्याला चालतं. मेळघाटात तो गावांच्या आसपासच्या रानात राहतो. पण सरपणाला आणि शेतीच्या अवजारांना मोठी झाडं तोडली गेली की ढोल्या जातात. उन्हाळ्यात वणवा लागला की घरट्यांच्या हंगामातच गवत आणि भक्ष्य जळतं. उंदरांसाठी टाकलेलं विष उंदरातून त्याच्या पोटात जातं. जुनं झाड तोडून त्याजागी शंभर रोपं लावली म्हणून त्याचं भागत नाही, कारण ढोली व्हायला कित्येक दशकं लागतात. वृक्षारोपणाचे आकडे दरवर्षी जाहीर होतात. जुन्या झाडांची मोजदादही तेवढ्याच आवर्जून जाहीर व्हायला हवी.

२०१८ मध्ये लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी बदलली. हा बदल बढतीसारखा वाचू नये. पक्षी वाढले असं त्यातून सिद्ध होत नाही. शोधणारे वाढले, म्हणून ठिकाणं अधिक सापडली. आजचा अंदाज २५० ते ९९९ प्रौढ पक्ष्यांचा आहे. एवढ्यांवर या जातीचं सगळं भवितव्य टेकलेलं आहे, आणि हे पक्षी भारताबाहेर कुठेही नाहीत. त्याच वर्षी पंकज कोपर्डे आणि सहकाऱ्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. रानपिंगळा साध्या पिंगळ्याच्याच गटात मोडतो, हे त्यानं दाखवलं. तो वेगळ्या गटातला की त्याच, हा ह्यूमपासून चालत आलेला वर्गीकरणाचा प्रश्न त्यामुळे बराच मार्गी लागला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या बरोबरीनं, त्याचं नाव आहे. वाघासाठी राखलेल्या मेळघाटात त्या संरक्षणाचा फायदा रानपिंगळ्यालाही होतो. तोरणमाळ, तळोदा, शहाद्याच्या जंगलांना मात्र वाघाचं कवच नाही, आणि तिथली लढाई एकट्या पिंगळ्याच्या नावावर लढावी लागणार आहे.

हा लेख दिवाळी अंकात येतो आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगणं भाग आहे. घुबड हे लक्ष्मीचं वाहन मानलं जातं, आणि त्याच लक्ष्मीच्या सणाच्या तोंडावर देशातल्या पक्षीबाजारांत घुबडांची मागणी वाढते. जादूटोण्यासाठी, गुप्तधनासाठी, बळीसाठी. ट्रॅफिक इंडिया या संस्थेनं २०१० मध्ये अबरार अहमद यांचा या व्यापारावरचा अहवाल प्रसिद्ध केला. भारतातल्या सुमारे ३० जातींच्या घुबडांपैकी निम्म्या जाती त्यांना व्यापारात आढळल्या होत्या. जाळं लावणारा साधा पिंगळा आणि रानपिंगळा असा भेद करत नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात घुबडाला अपशकुनी मानून गलोलीनं मारणारेही आहेत. घुबड पकडणं, विकणं, जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, मग ते कोणत्याही जातीचं असो.

म्हणून वाचकांना दोन गोष्टींची विनंती आहे. या दिवसांत कुठे घुबड विकायला आलेलं दिसलं किंवा कोणी त्यासाठी पैसे मागत असल्याचं कळलं, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. दुसरी विनंती खानदेश, मेळघाट, पालघर, ठाणे भागात राहणाऱ्यांना आणि तिकडे फिरायला जाणाऱ्यांना. भर दिवसा बोडक्या फांदीवर बसलेला, डोक्यावर ठिपके नसलेला पिंगळा दिसला तर लांबून फोटो घ्या. घरट्याजवळ जाऊ नका, आवाज वाजवून त्याला बोलवू नका. तारीख, वेळ आणि जंगलाचं नाव लगेच लिहून ठेवा आणि ते वनरक्षकाला किंवा जवळच्या पक्षी अभ्यासकाला कळवा. घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. जे पाहिलं तेवढंच लिहा. डेव्हिडसन यांच्या नोंदी खऱ्या होत्या, म्हणून ११३ वर्षांनी शहाद्याला पुन्हा येता आलं.